हर्णैचं बंदर, चार ट्यूब आणि फसलेलं ठिगळ

24 बाय 36 इंचांचा कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक, विषय हर्णैचं बंदर. जागा सदाशिव पेठेतला स्टुडिओ, महिना मे. पॅलेटवर काढलेला रंग दहा मिनिटांत साय धरत होता, म्हणून खाली ओला स्पंज आणि वर बटर पेपर.

ज्या फोटोवरून रंगवत होतो त्यात होड्या, झेंडे, जाळी, टोपल्या, मागे सुवर्णदुर्ग. डोळे बारीक केले की सुट्या होड्या दिसेनाशा होतात, एकच गडद पट्टा उरतो. मी तोच धरला. वरच्या कडेला होड्यांची तीन टोकं आणि दोन डोलकाठ्या. एवढ्यावर बंदर ओळखू येतं. किल्ला म्हणजे एक चपटी पट्टी. बुरूज काढायचा मोह होतोच, पण काढले की किल्ला पुढे सरकून होड्यांच्या डोक्यावर बसतो.

रंग चारच: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सायना (विटकरी तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा), टायटॅनियम व्हाइट (पांढरा). काळा नाही. अल्ट्रामरीन आणि सायना साधारण निम्मे-निम्मे, मग पांढरा, असा करडा डबीभर करून ठेवला. होड्यांच्या निळ्यात तीन भागांना एक भाग हा करडा. नुसत्या पांढऱ्याने रंग शांत होत नाही, खडूसारखा होतो. होड्यांचं प्रतिबिंब होड्यांपेक्षा जरासं फिकं ठेवलं. तेवढंच गडद केलं तर पाणी भिंतीसारखं दिसतं.

घोळ झाला आकाशात. क्षितिजाची मास्किंग टेप ओढताना खालचा रंग नखभर उचलला गेला. आकाशाचा रंग पॅलेटवरच केलेला, डबीत ठेवलेला नव्हता. नवा कालवला, ओला असताना तंतोतंत जुळला, वाळल्यावर ठिगळ उठून दिसलं. अ‍ॅक्रिलिकमधलं बाइंडर (रंगकणांना धरून ठेवणारा चिकट द्रव) ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, त्यामुळे रंग गडद होतो. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लावून, हेअर ड्रायरने वाळवून तीनदा जुळवून पाहिलं. तिसऱ्या खेपेला रंग जवळपास जमला, पण कड लपेना. शेवटी सगळं आकाश या कडेपासून त्या कडेपर्यंत पुन्हा रंगवलं. ते आधीच करायला हवं होतं. तासभर वाचला असता.

झेंडा सर्वांत शेवटी. नखाएवढा, ओकरमध्ये सायना, करडा अजिबात नाही. पॅलेटवर कालवला तेव्हा विटकरी मातीसारखा होता, त्या निळ्या-करड्यात मात्र भगवा दिसला.