वहिनी, आठ जीबी पुरेल का?

फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताना रॅम किती घ्यावी, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: सोळा जीबी घ्या. घाई असेल तर एवढं वाचून दुकानात गेलात तरी चालेल.

पण तुम्ही जात नाही. "सोळा" म्हटलं की लगेच पुढचं येतं, "पण वहिनी, आठमध्ये नाही का भागणार? मला काय, थोडंफारच एडिटिंग करायचंय." मग मला विचारलंत कशाला? तुमचं ठरलेलं असतं, त्यावर फक्त माझा शिक्का हवा असतो. लग्नाचे फोटो हे शूट करतात, एडिटिंग आणि अल्बम मी बघते, म्हणून शिक्का माझ्याकडे. असा शिक्का मी एकदा मारलाय. तेव्हापासून कुणी "आठ पुरेल का" विचारलं की माझा आवाज चढतो. तुमच्यातल्या दोघातिघांना तो ऐकायला मिळालाय, त्यांनी राग धरू नये.

रॅम म्हणजे हातातलं काम पसरायचं टेबल आणि डिस्क म्हणजे सगळं ठेवायचं कपाट, हा दाखला तुम्ही शंभरदा ऐकलाय. तो मी देत नाही. मी आकडे सांगते, कारण आकडे कुणी सांगतच नाही.

आपला नेहमीचा २४ मेगापिक्सलचा कॅमेरा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ फाइल, कार्डावर पंचवीस-तीस एमबीची दिसते आणि आपण म्हणतो, एवढीशी तर आहे. पण फोटोशॉपमध्ये उघडली की ती दाबलेली राहत नाही. ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सल, प्रत्येकाचे तीन रंग, १६ बिटमध्ये प्रत्येक रंगाला दोन बाइट. झाले १४४ एमबी, आणि तुम्ही अजून काहीच केलेलं नाही. चेहरा साफ करायला लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी मारली की आणखी १४४.

आता अल्बमची शीट, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, घ्या. १२ बाय ३६ इंचांची, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सल. साध्या ८ बिटमध्येसुद्धा शीटभर पसरलेला एक लेयर ११७ एमबीच्या आसपास जातो. मागचा पोत, त्यावर फुलांची नक्षी, त्यावर धूसर केलेला मोठा फोटो, सावल्या; असे आठ लेयर झाले की एक जीबी संपला. शिवाय मागं जायला हिस्ट्री असते, आताच्या फोटोशॉपमध्ये ती मुळातच ५० पायऱ्यांची आहे. माझ्या मशीनवर काहीही न उघडता विंडोज साडेतीन-चार जीबी धरून बसतं. त्यात क्रोम उघडं, व्हॉट्सअ‍ॅप उघडं, कारण नवरीची आई "हा फोटो घ्या, तो काढा" तिथंच सांगत असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्ससुद्धा ह्याच रॅममधून आपला वाटा घेतं. आठातून उरलं किती? लाइटरूम (फोटो निवडून त्यांचा रंग-उजेड नीट करायचं सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉप दोन्ही बनवणारी अ‍ॅडोबी स्वतःच ८ ला किमान म्हणते आणि १६ सुचवते. किमान म्हणजे सुरू होईल, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं मला २०२१ मध्येसुद्धा माहीत होतं. हेच तर दुखतं.

माझ्या नणंदेच्या मुलीला अल्बम डिझाइनचं काम घरी बसून करायचं होतं. माझ्याकडेच शिकली, हात चांगला आहे, रंगाची समज माझ्यापेक्षा बरी. ताईंनी भिशीचे पैसे काढले आणि दोघी दुकानात गेल्या. तिथून फोन आला, "मामी, एक जाड आहे, एक बारीक आहे. दोन्हीत आठच आहे. कुठला घेऊ? आठ पुरेल ना?"

मी म्हटलं, "बारीक घे, नेता-आणता येईल. पुढं लागली तर वाढवू रॅम."

वाढवू. मी डेस्कटॉपवाली बाई. माझ्या पहिल्या असेंबल मशीनला १ जीबी रॅम होती, फोटोशॉप ७ वर मी पानंच्या पानं डिझाइन करून छापायचे अख्खे करिझ्मा अल्बम काढलेत आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्याच मशीनची रॅम पुढं दोनदा वाढवली, घरीच, डबा उघडून. त्यामुळे रॅम ही वाढवता येणारीच वस्तू, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की लॅपटॉपचं वेगळं असू शकतं हे विचारायचं सुचलंच नाही. नाही, हेही पूर्ण खरं नाही. पुसटसं सुचलं होतं. पण फोनवर भाची, शेजारी ताई, समोर दुकानदार. "मला लॅपटॉपमधलं कळत नाही" हे तेव्हा तोंडातून निघालं नाही.

पहिली दोन-तीन कामं साखरपुड्यांची होती, ती झाली. मग दिवाळीनंतर तिला स्वतःचं पहिलं मोठं लग्न मिळालं. चाळीस शीटचा अल्बम, नवरा-नवरी रविवारी मस्कतला जाणार, म्हणजे गुरुवारी फाइली छपाईच्या लॅबला पोचायला हव्यात. सोमवारी रात्री दीड वाजता तिचा फोन. "मामी, स्क्रॅच डिस्क फुल दाखवतंय. सेव्ह पण होत नाही."

रॅम भरली की फोटोशॉप उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, तीच ती स्क्रॅच डिस्क. तिची डिस्क सगळी मिळून २५६ जीबीची. त्यात विंडोज, सॉफ्टवेअर, दोन दिवसांच्या लग्नाचे तीनेक हजार रॉ फोटो, वर झालेल्या शीटांच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली. रॅम नाही आणि सांडायला जागाही नाही. मी फोनवरून तिला सगळं रिकामं करायला लावलं, पर्ज मारून फोटोशॉपनं धरून ठेवलेलं पुसायला सांगितलं, शेवटी स्क्रॅच बाहेरच्या हार्ड डिस्कवर वळवली. चाललं. पण कसं? ती सांगत होती, "ब्रश फिरवते आणि थांबते, मग रेघ येते." फोनमधून मला तिचा माउस ऐकू येत होता. एक क्लिक. मग काहीच नाही. मग तिचा श्वास. मग पुढचा क्लिक.

मंगळवारी सकाळी मी, ती आणि ताई कोल्हापूरला गेलो, रॅम टाकून आणायला. ताईंनी साडेतीन हजार वेगळे पाकिटात घातले होते. दुरुस्तीवाला तरुण पोरगा होता, हात अगदी सावकाश. मागचे स्क्रू काढून त्यानं चुंबकाच्या पट्टीवर ओळीनं लावले, आखूड-लांब वेगवेगळे. मग एक जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेनं झाकण उचकटलं. आत निम्मी जागा बॅटरीनं व्यापलेली, एका कोपऱ्यात पंखा, मध्ये हातरुमालाएवढाही नाही असा बोर्ड. मी त्यात रॅमची पट्टी शोधत होते, आडवी असेल, कुठंतरी खाली असेल. त्यानं चिमट्याचं टोक चार काळ्या चौकोनांवर ठेवलं.

"ऑनबोर्ड आहे, मॅडम. स्लॉट नाही ह्याला."

बोर्डावर झाळूनच टाकलेली. निघत नाही, वाढत नाही. पट्टी जिथं बसायला हवी होती तिथं काही नव्हतंच. भाची माझ्याकडे बघेल असं वाटलं, तर ती चुंबकावरचे स्क्रू बघत होती. ताई म्हणाल्या, "मग आता नवीनच घ्यावा लागतो का?" त्यांनी ते त्या पोराला विचारलं, मला नाही. तो म्हणाला, "वापरा हो, चांगला आहे लॅपटॉप." झाकण परत लावलं. पैसे घेतले नाहीत त्यानं. ताईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

उरलेल्या शीटा तिनं माझ्या डेस्कटॉपवर काढल्या, दोन रात्री. मी दुसरीकडे भाकऱ्या करत होते, चहा करत होते, जे काय सुचेल ते करत होते. गुरुवारी फाइली गेल्या. निघताना ताईंनी माझ्या हातात भडंगाची पिशवी दिली. "पोरीचं काम झालं तुझ्यामुळं," म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणत होत्या की नव्हत्या, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

आता तुमच्यातला हुशार माणूस म्हणेल, म्हणजे आठ कधीच घेऊ नये. थांबा. त्याच लॅपटॉपवर ती गेल्या महिन्यापर्यंत काम करत होती, चार वर्षांहून जास्त. एका वेळी एकच शीट उघडायची. फोटो आधी लाइटरूममध्ये उरकून हव्या त्या मापाचे जेपीजी काढायचे, मग शीटवर घ्यायचे. हिस्ट्री वीस पायऱ्यांवर. क्रोम बंद. तिची शिस्त बघून मला माझं फोटोशॉप ७ आठवायचं. मग मी म्हणायचे, बघ, माझं काही अगदीच चुकलं नव्हतं, काम माणूस करतो, मशीन नाही. आणि लगेच स्वतःलाच ऐकवायचे: तू अंगणवाडीच्या बाकावर शिकलीस म्हणून सगळ्यांनी तिथंच बसायचं का? माझ्याकडे ज्या शीटला वीस मिनिटं लागतात तिला तिच्याकडे पाऊण तास. तो वेळ तिचा गेला, माझा नाही. "मामी, होतंय गं, फक्त वेळ जातो," एवढंच ती म्हणाली, तेही एकदाच.

आणि चुकणारी मी एकटी नव्हते, हेही लिहून ठेवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅपलच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं की त्यांच्या मॅकमधले ८ जीबी बहुधा इतरांच्या १६ सारखे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीनं मॅकबुक एअर त्याच किमतीला १६ पासून सुरू केला. मॅकमध्ये मेमरीची हाताळणी चांगली असेलही. पण १४४ एमबीचा फोटो तिथंही १४४ चाच असतो.

दुसऱ्या टोकाचेही येतात. गेल्या वर्षी एक दादा ३२ जीबीचा लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, एवढी रॅम घेतली तरी डिनॉइज कासवासारखं चालतंय." डिनॉइज म्हणजे फोटोतले दाणे घालवणं. हळदीचे रात्रीचे फोटो, कमी उजेडामुळे आयएसओ वाढलेला आणि दाणे आलेले, त्यामुळे २०२३ पासून लाइटरूममध्ये आलेला एआय डिनॉइज सगळ्यांना हवा असतो. तो चालतो ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. ह्यांच्याकडे वेगळं कार्डच नव्हतं. वर स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीची, रंग कमी दाखवणारी, म्हणजे नवरीचा राणी कलरचा शालू तिच्यावर धुवून फिका पडल्यासारखा दिसत होता. त्यांनी तो गडद केला आणि अल्बममध्ये तो वांग्यासारखा छापून आला. त्यांना मी पैसे स्क्रीनवर घाला असं सांगायला हवं होतं. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

३२ कुणाला लागते? ४५ मेगापिक्सलवाल्यांना, पॅनोरमा जोडणाऱ्यांना, शीटवर स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपणारे लेयर) तसेच ठेवणाऱ्यांना, आणि लाइटरूम, फोटोशॉप दोन्ही उघडी ठेवून मधून व्हिडिओ कापणाऱ्यांना. तुम्ही त्यात आहात का हे कसं ओळखायचं? आत्ता जे मशीन आहे त्यावर तुमची सगळ्यात जड शीट उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी किती भरलीय ते बघा. दुसऱ्या कुणाला विचारण्यापेक्षा तो आलेख बघा. मला तर मुळीच विचारू नका.

तिथंच खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिच्यावर पूर्ण विसंबू नका, झाळलेल्या चिपसुद्धा ती कधीकधी स्लॉट म्हणून मोजते. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलेलं दिसलं, तर रॅम झाळलेली, बहुधा जे आहे ते तेवढंच. दुकानात डेमोच्या लॅपटॉपवर हे दोन मिनिटांत बघून होतं. मी फोनवर होते तेव्हा हे बघ म्हणून सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. किंवा घडलं असतं. त्या जाड लॅपटॉपला स्लॉट होता की नव्हता, हे आम्ही कुणी बघितलंच नाही.

आणि स्लॉट असला तरी "पुढं वाढवू" म्हणण्यात आता काय राम राहिलाय. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि पट्ट्यांचे भाव भडकले. डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल हा आपला सुट्या विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मशीनमधल्या दोन्ही पट्ट्या त्याच ब्रँडच्या आहेत. त्या साडेतीन हजारांच्या पाकिटाची मला अलीकडे जास्तच आठवण येते.

मागच्या आठवड्यात भाचीनं नवा लॅपटॉप घेतला. ह्या वेळी दुकानातून फोन आला नाही. घरी गेल्यावर तिनं खोक्याचा फोटो पाठवला, खाली "मामी, घेतला" आणि एक पेढ्याचं चित्र. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून स्टिकर वाचला. १६ जीबी लिहिलंय. स्लॉटचं काहीच लिहिलेलं नाही. मी छान म्हणून कळवलं. ते विचारायचं अजून राहिलंय.