तुम्ही विचारलंत म्हणून: क्षेपणास्त्र सुटताना कसं दिसतं?

4 डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. 2023चा नौदल दिन आमच्या मालवणात झाला, तेव्हापासून जरा जास्तच. मी नौदलात होतो, म्हणून शाळेत बोलावतात. 1971, कराचीवरचा हल्ला, त्यात वापरलेलं स्टिक्स क्षेपणास्त्र हे मुलांना पाठ असतं, मग हात वर होतो: "काका, क्षेपणास्त्र सुटताना कसं दिसतं?"

मला नाही दिसलं. फायरिंगच्या वेळी अप्पर डेकवर कुणाला उभं राहू देत नाहीत, आणि मी खाली बंद ऑपरेशन्स रूममध्ये रडारसमोर. व्हिडिओत तुम्ही बघता तेवढंही मी पाहिलेलं नाही. हे ऐकून चेहरे असे पडतात, जणू मी पगार फुकट खाल्ला.

माझ्या लक्षात राहिलं ते सुटणं नाही, थांबणं. टार्गेट म्हणजे टगने ओढलेला तराफा. त्यावर पत्र्याचे कोपरे ठोकलेले, म्हणून पडद्यावर तो जहाजाएवढा चमकतो. रेंज, म्हणजे फायरिंगचा समुद्रपट्टा, मोकळी आहे असं हेलिकॉप्टरने कळवलं होतं. तेवढ्यात तराफ्याच्या अलीकडे एक पुसट ठिपका. रडारच्या एका फेरीत दिसला, पुढच्या दोन फेऱ्यांत नाही, मग पुन्हा. लाटांचा कचराही असाच उमटतो. मी गप्प राहिलो. सरावाच्या क्षेपणास्त्रात स्फोटक नसतं, असंही मनाशी म्हटलं. पण दोन टनांहून जड धूड ते, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधतं. मग कुणाचं ऐकत नाही.

चार-पाच फेऱ्यांनंतर बोललो: होडी असू शकते. फायरिंग थांबलं. हेलिकॉप्टरला काही सापडलं नाही. तासाभराने सोडलं तेव्हा पायाखालचा पत्रा थरथरला, पडद्यावर क्षेपणास्त्र आणि तराफा हे दोन ठिपके एक झाले. संपलं. पुढे महिनाभर मी 'होडीवाला'.

नियमाने कळवलं ना, मग झालं, असं तेव्हा मी ठणकावून सांगायचो. आजही सांगतो. पण त्या चार-पाच फेऱ्या? होडी असेल याची भीती नव्हती, हसं होईल याची होती. विशीतल्या पोराला एवढं माफ करावं की नाही, माझं मलाच ठरवता येत नाही.

सुट्टीत बाबांना सांगितलं. जन्म लाकडी होडीत गेलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "लाकडाची होडी तुमच्या त्या पडद्यार दिसता काय रे?"

"दिसता," म्हटलं आणि जेवायला बसलो.