आज निस्त्याक काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. शाळेत नवीन आलेल्या बहुतेक शिक्षिका, विशेषतः घाटावरून आलेल्या, पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी विचारतातच, “बाई, कुडाळच्या बाजारात मासे मिळतात की. मग दर पंधरा दिवसांनी नेरूरपारला जाऊन तीन-तीन तास गळ धरून कशाला बसता? कंटाळा येत नाही?”

नाही येत. पण का येत नाही, ते मला बरीच वर्षं नीट सांगता यायचं नाही. “शांत वाटतं,” एवढं म्हणून मी विषय संपवायची. शांत तर देवळातही वाटतं. खाडीवर मिळतं ते वेगळं आहे.

शाळेचं वेळापत्रक मी लावते. कुणाला कुठला तास, कोण रजेवर, कुणाच्या जागी कोण, हे रोज मी ठरवायचं. घरी आले की चप्पल काढायच्या आत प्रश्न येतो, “आज निस्त्याक काय?” निस्त्याक म्हणजे भातावर घ्यायला, आणि आमच्याकडे ते बहुतेक माशाचंच. हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, पण त्याचं उत्तर वर्षानुवर्षं घरातल्या बाईनेच द्यायचं असतं. रांधून मी कधी दमले नाही. काय रांधायचं ते ठरवून दमते. कर्ली खाडीच्या काठावर मला काहीही ठरवावं लागत नाही.

अगदी निघायची वेळसुद्धा. मी दहा-अकरा वर्षांची असताना मामाने सांगितलं होतं, “गो, घड्याळ कित्याक बघतंस? तिथी बघ.” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. खाडीच्या तोंडापासून जसजसं आत जाल तसं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जोरात ओढतं, गढूळ होतं, गरीला बांधलेलं शिसं तळाशी ठरत नाही. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी मंद चढतं, मंद उतरतं. मला भांगाचे दिवस आवडतात. भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, पहिला तास, एवढंच बसायचं.

गळाला आम्ही गरी म्हणतो आणि गरी टाकून मासे धरण्याला गरवणं. माझ्याकडे काठी नाही, चक्र नाही. एका बाटलीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, शिसं आणि दोन प्रकारच्या गऱ्या. गरीचा नंबर उलटा चालतो, नंबर मोठा तशी गरी लहान. काळुंदराचं तोंड एवढंसं, त्याला बारीक गरी आणि गांडुळाचा तुकडा. तांबोशीला दणकट गरी आणि अख्खी कोळंबी. तंगूस पाण्यात सोडून उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायची आणि थांबायचं. मामाचं दुसरं सांगणं तेव्हाचंच: “हात हलवू नको. मासो इलो काय तोच तुका सांगतलो.”

आणि तो खरंच सांगतो. काळुंदर बारीक टोचतो, तीन-चारदा, मग थांबतो, मग तंगूस हळूच एका बाजूला सरकायला लागते. तेव्हा ओढायचं, आधी नाही. तांबोशी विचारत बसत नाही. एकच हिसका, आणि थेट कांदळाच्या, म्हणजे काठावरच्या खारफुटीच्या, मुळांकडे धाव. मुळांत शिरली की तंगूस घासून तुटते, म्हणून तिथे हात घट्ट हवा. करकरा वर आला की नावाप्रमाणे करकरतो. कधी तंगूस एकदम हलकी लागते आणि वर काढावी तर गरीच गायब. ते काम केंडाचं. त्याचे दात पक्कडीसारखे चालतात. केंड चुकून लागलाच तर पोट फुगवून चेंडूएवढा होतो, आणि त्याला सोडूनच द्यायचं. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

शेंगटी मात्र मी विसरू शकत नाही. बारा वर्षांची असताना घाईने तिला हातात धरलं आणि कल्ल्यामागचा काटा अंगठ्यात गेला. कोपरापर्यंत कळ येत होती. मामीने काही न बोलता सोसेल तेवढ्या गरम पाण्यात माझा हात धरून ठेवला. हळूहळू कळ ओसरली. शेंगटीला दोन्ही बाजूंना एकेक आणि पाठीवर एक असे तीन काटे असतात, हे त्या दिवसानंतर मला कुणी पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

या सगळ्या वेळात माझं अख्खं लक्ष एका बोटाच्या पेरावर असतं. वेळापत्रक, बिलं, लेकाची परीक्षा यांना तिथे जागाच उरत नाही. समोर पाण्यावर धीवर पक्षी सूर मारतो, पलीकडच्या काठावरून कुणाची तरी हाक येते, कांदळात खेकडे खुडखुडतात. हे सगळं ऐकू येत असतं आणि तरी मी बोटातच असते. विसावा म्हणजे मला हाच वाटतो. नुसती पडून राहिले तर डोकं चालूच असतं.

खाडीत लागते ती तांबोशी बहुतेक वेळा लहान वयाची असते. ती कांदळात वाढते आणि मोठी झाली की समुद्रात, खडकांकडे जाते. वितीपेक्षा लहान असेल तर मी परत सोडते. मामा तिला पाण्यात सोडताना म्हणायचे, “जा गो, मोठी होवन ये.” मीही तेच म्हणते. मिरगाच्या पावसात ओहोळातून शेतात चढणारे मासे धरायला सगळा गाव लोटतो. त्यातली मजा मी लहानपणी घेतली आहे, पण आता जात नाही. ते चढतात अंडी घालायला, पोटं भरलेली असतात. तेवढे दिवस त्यांना द्यावेत असं मला मनापासून वाटतं. एरवीही पावसात खाडी तांबड्या पाण्याने भरते, तेव्हा माझी तंगूस खुंटीवर असते.

दिवेलागणीला घरी परतलं की मामी पडवीतूनच विचारते, “निस्त्याक काय?” आणि या एकाच संध्याकाळी त्या प्रश्नाचं उत्तर मी ठरवलेलं नसतं, नुसती पिशवी पुढे करते. पुढचं मासाच ठरवतो.

काळुंदर असेल तर तळायचाच. राख लावून धरला की हातातून निसटत नाही, मग आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, खवलं काढायची. दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्यायच्या, कारण इतका ताजा मासा तव्यावर पडताच आकसून वाकडा होतो. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवायचा, तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात मंद आचेवर. घाई केली तर वरून करपतो आणि काट्याजवळ कच्चा राहतो. मुडदुशी लागली असेल तर तिला फार मसाला सोसत नाही. नारळाचा रस, हिरवी मिरची, हळद, दोन आमसुलं, बस्स.

तांबोशीचा दिवस मोठा. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि थोडा कांदा पाट्यावर गंधासारखं वाटायचं. वाटण उकळलं की आधी डोकं सोडायचं, कारण खरी चव डोक्यात असते, मग तुकड्या आणि आमसुलं. त्यानंतर डाव घालायचा नाही. टोप दोन्ही हातांनी धरून फिरवायचा, म्हणजे तुकडी मोडत नाही. दोन तासांपूर्वी जिने माझ्या बोटाला हिसका दिला ती ताटात आली की जेवताना आपोआप हळू जेवलं जातं. डोकं मामांच्या ताटात जातं. आता त्यांना काठावर उतरवत नाही, पण तांबोशी कुठे लागली, चढत्या पाण्यात की उतरत्या, हे सांगितल्याशिवाय ते घास घेत नाहीत.

काही दिवशी काहीच लागत नाही. तुम्ही तेही विचारलंत, की मग वाईट वाटत नाही का. पहिली दहा मिनिटं वाटतं. पण मामीने खोबरं खोवून ठेवलेलं असतं. डब्यातला सुका गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, भाजायचा, त्यात कांदा, कोकम आणि ते खोबरं घालून किसमूर करायचं. सोबत गरम भात आणि सोलकढी. तेही खाडीनेच ठरवलेलं असतं.

येत्या शनिवारी सप्तमी आहे. सातची पाऊणपट सव्वापाच. साडेतीनला पुलाजवळ या. कोळंबी मी आणते. तुम्ही फक्त जुनी साडी नेसून या आणि बोटातली अंगठी घरी ठेवा, तंगूस तिच्यात अडकते.