ढेकणाच्या भावकीतली

दुपारी जेवणं उरकली की पेपर पसरून कोथिंबीर निवडायला बसायचं, हे काम घरात माझ्याकडे आहे. बायको म्हणते, तुम्ही निवडता कमी आणि खालचा पेपर वाचता जास्त. खरंय. शिवाय देठांवरून आमचं लग्नापासून एकमत नाही. ती देठ मोडून टाकते. कोवळा देठ टाकणाऱ्या माणसाच्या हातची आमटी मी केवळ नाइलाजाने खातो.

परवा जुडी सोडली आणि आतून एक हिरवा ढेकूण निघाला, पिकावर असतो तो. सावकाश, आपल्याच घरात असल्यासारखा चालत आला. बोटाने उडवला. मग सवयीने बोट हुंगलं. आता हा वास कोथिंबिरीचा की किड्याचा? दोनदा हुंगलं, तीनदा हुंगलं. काही कळेना, आणि एकदम बाळ्या आठवला.

माझं आजोळ औशाकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी नातवंडं गोळा झाली की ढेकणांचीही चैन व्हायची. मग एखाद्या सकाळी आजी सगळ्या बाजा अंगणात उलट्या घालायची आणि चुलीवरचं उकळतं पाणी सांध्यासांध्यांत ओतायची. आम्ही पोरं काडीने सुंभातले राहिलेले टिपायचो. चिरडला की तो वास! नाकात बसायचा, दिवसभर निघायचा नाही. अशाच एका दिवशी दुपारी पंगत बसली. येसरची आमटी, भाकरी, आमटीवर मूठभर कोथिंबीर. मामाच्या धाकट्याने, म्हणजे बाळ्याने, वाटी पुढे सरकवली आणि भर पंगतीत सांगितलं, "आजे, आमटीत ढेकूण हाय."

फाडकन बसली. पानात ढेकणाचं नाव काढलं म्हणून एक, आणि वाटी सरकवली म्हणून दुसरी. वर आजीचा बिनतोड सवाल, "धने चालत्यात तुला, अन् पाल्याला काय इख लागलंय?"

आजीच्या त्या सवालाला तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते मला साठी उलटल्यावर वाचायला मिळालं. कोथिंबिरीच्या पानाचा वास अल्डिहाइडांचा, म्हणजे कार्बनांच्या साखळीच्या एका जातीच्या रसायनांचा. त्यातलं डेसेनाल दहा कार्बनांचं, डोडेसेनाल बाराचं. बाजेतला ढेकूण चिरडल्यावर सोडतो ते हेक्सेनाल सहाचं आणि ऑक्टेनाल आठचं. एकाच भावकीतले, नुसते उंचीला कमीजास्त. पिकावरचा हिरवा ढेकूण तर थेट डेसेनालच सोडतो. आणि धने? फळ हिरवं असतं तोवर त्यालाही हाच वास, पण पिकत आलं की अल्डिहाइडं ओसरतात आणि लिनालूल नावाचं दुसरंच द्रव्य वाढतं. त्याचा वास वेगळाच, गोडसर. म्हणजे धने खाणारा आणि पाल्याला नाक मुरडणारा बाळ्या एका शब्दानेही खोटं बोलत नव्हता.

माणसामाणसाच्या नाकातही फरक असतोच. ओआर६ए२ नावाचं वासाचं एक जनुक आहे. २०१२ साली निघालेल्या एका अभ्यासात, कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणाऱ्यांचा संबंध त्याच्या आसपासच्या फरकाशी लागला. त्याच वर्षी कॅनडात तरुण मुलांना विचारलं, तर आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत कोथिंबीर न आवडणारे शंभरात सातच निघाले. आजोळच्या पंगतीला आम्ही दहाबारा पोरं असू. हिशोबाने एक बाळ्या निघणारच.

या डोडेसेनालमुळे उंदरांना फिटचे झटके उशिरा आले, असं २०१९ साली दिसलं, हेही वाचलं. मेंदूतल्या पेशींच्या पोटॅशियमच्या वाटा ते उघडतं म्हणे. आता हे आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटात गेलं की उद्या सकाळी उपाशीपोटी कोथिंबिरीचं पाणी सुरू होणार. मी कुणाला बोललेलो नाही.

बाळ्याला मात्र फोन केला. तो आता गावीच शेती करतो आणि दर हिवाळ्यात दहा गुंठे कोथिंबीर टाकतो. खात अजूनही नाही. मी सगळं सविस्तर सांगितलं, कार्बनांच्या आकड्यांसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी तवाच सांगितलं होतं की," म्हणाला. "आजी पाह्यजे होती आता."

जरा वेळाने त्याने विचारलं, "तिकडं जुडी कितीला हाय?"

"दहाला."

"आमच्याकडून दोनला नेली परवा."

मी काही बोललो नाही. पेपरावर देठांचा ढीग पडला होता, बायकोच्या पद्धतीने मोडलेला.

"ठेवतो," तो म्हणाला. "लाइट आलीय, पाणी सोडायचंय."