आमेन म्हटल्यानंतर: रूथच्या पुस्तकाचे एक वाचन

बायबलच्या जुन्या करारातले रूथचे पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचे आणि ८५ वचनांचे आहे. दिवेलागणीला उघडले तर रात्रीच्या जेवणाआधी ते सहज वाचून होते. त्यात समुद्र दुभंगत नाही, आकाशातून अग्नी उतरत नाही, कोणी संदेष्टा येत नाही आणि कोणाला स्वप्नात दृष्टान्तही होत नाही. परमेश्वराने स्वतः काही केले असे हे पुस्तक लिहिणारा फक्त दोनदा सांगतो: पहिल्या अध्यायात त्याने आपल्या लोकांचा समाचार घेऊन त्यांना अन्न दिले, आणि शेवटच्या अध्यायात त्याने रूथला गर्भधारणा दिली. या दोन वचनांच्या मध्ये जे घडते ते सारे माणसांच्या चालण्याने, वेचण्याने, जेवू घालण्याने आणि वेशीत बसून केलेल्या व्यवहाराने घडते. तरीही परमेश्वराचे नाव येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. निरोप देताना, मजुरांची विचारपूस करताना, परक्या बाईशी पहिल्यांदा बोलताना ही माणसे एकमेकांना आशीर्वाद देतात. हे आशीर्वाद पुढे कोठे जातात याचा माग काढत पुस्तक वाचले, तर आपल्या रोजच्या प्रार्थनेविषयी फार गंभीर असे काही हाती लागते, आणि तेच येथे मांडायचे आहे: ज्याने आशीर्वाद उच्चारला त्याच्याचकडे तो पुरा करण्याचे काम परत येते.

पहिला आशीर्वाद नामीचा. शास्त्यांच्या काळात, म्हणजे इस्राएलात राजे होण्यापूर्वी, दुष्काळ पडला म्हणून ती नवरा आणि दोन मुलांसह बेथलेहेम सोडून परक्या मवाब देशात गेली. तेथे नवरा गेला. मुलांची लग्ने झाली, पण सुमारे १० वर्षांत तीही दोघे वारली. परतीच्या वाटेवर ती आपल्या सुनांना माहेरी जायला सांगते आणि म्हणते की परमेश्वर तुम्हांला पुन्हा नवऱ्याच्या घरी विसावा देवो. हे बोलताना तिला स्वतःला काहीही करणे शक्य नव्हते. तिच्याजवळ घर नव्हते, धान्य नव्हते, आणि आपल्या पोटी आता दुसरे मुलगे होणार नाहीत हे तर ती त्याच बोलण्यात सांगते. जे आपल्या हातात नाही ते परमेश्वरावर सोपवण्यासाठीच तिचे ते शब्द होते, आणि त्या शब्दांत काही खोटे नव्हते.

पण तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात हीच नामी, माहेरी न जाता आपल्याबरोबर आलेल्या सुनेला, रूथला, म्हणते, “मुली, तुझे बरे व्हावे म्हणून मी तुझ्यासाठी विसाव्याचे ठिकाण पाहू नये काय?” जे तिने परमेश्वराकडे मागितले होते ते पाहण्यासाठी आता ती स्वतः उठते. मधल्या काळात काय बदलले? सातूचा हंगाम सुरू झाला तेव्हा, म्हणजे त्या प्रदेशात साधारण एप्रिलमध्ये, त्या दोघी बेथलेहेमात आल्या आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत रूथ शेतात जात राहिली. तेवढ्या आठवड्यांत घरात धान्य येऊ लागले, रोज संध्याकाळी कोणीतरी परत येऊन दिवसाची हकीकत सांगू लागले, आणि खचलेल्या नामीला दुसऱ्या कोणाच्या भवितव्याचा विचार करण्याइतके बळ आले. हे बळ तिला आधी नव्हते याबद्दल पवित्र शास्त्र तिला दोष देत नाही. मला या गोष्टीतला हा धीर फार मोलाचा वाटतो, कारण नुकतीच पती किंवा मूल गमावलेली बाई लगेच मंडळीच्या कामाला लागावी अशी अपेक्षा आपण कळत-नकळत करत असतो.

दुसरा आशीर्वाद बवाजाचा, म्हणजे ज्याच्या शेतात रूथ सरवा वेचायला गेली त्या, नामीच्या नवऱ्याच्या नात्यातल्या जमीनदाराचा, आणि त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. तो बेथलेहेमाहून शेतात येतो तेव्हा कापणी करणाऱ्यांना “परमेश्वर तुमच्याबरोबर असो” असे म्हणतो आणि तेही उलट आशीर्वाद देतात. असे बोलणारे जमीनदार पुष्कळ असतात. म्हणून त्याची परीक्षा त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या शेताच्या रीतीवरून घ्यावी. नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आज्ञा आहे की शेताच्या कडेचे पीक अगदी बांधापर्यंत कापू नये आणि खाली पडलेला सरवा गोळा करू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा. अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात विसरून राहिलेल्या पेंढीविषयीही तसेच सांगितले आहे. या आज्ञेत गरिबाला मालकाच्या दारात उभे राहून हात पसरावा लागत नाही. तो स्वतः वाकून, स्वतःच्या कष्टाने वेचतो आणि जे वेचतो ते त्याचे असते. आपल्याकडे उपकारस्तुतीच्या सणाला पहिले पीक मंदिरात आणतात आणि ते योग्यच आहे, परंतु या आज्ञेचा रोख मंदिरात काय आणले याच्याइतकाच, किंबहुना अधिक, शेतात काय मागे ठेवले याच्याकडे आहे.

बवाज आज्ञा पाळतो आणि तिच्या पुढे जातो. रूथने दुसऱ्या शेतात जाऊ नये, गड्यांनी तिला हात लावू नये, तहान लागेल तेव्हा त्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी तिने प्यावे, असे तो स्पष्ट बजावतो. परक्या देशातली तरुण विधवा एकटी शेतात आली तर काय घडू शकते हे त्याला ठाऊक होते. जेवणाच्या वेळी तो तिला जवळ बोलावतो; ती कापणी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसते, त्याच भांड्यातल्या आंबेत, म्हणजे शिरक्यात, भाकर बुडवते, तो स्वतः तिला भाजलेले धान्य देतो, आणि ती पोटभर जेवून उरलेले सासूसाठी बांधून नेते. मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असे ज्या लोकांच्या नियमशास्त्रात लिहिले होते, त्यांच्याच शेतात ही पंगत बसली होती.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, अशा घरांतून महाराष्ट्रातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे आलेली आहेत. त्यांना या वचनांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण आता आपल्यापैकी अनेकांची परिस्थिती पालटली आहे. घरी धुण्याभांड्याला बाई येते, शेत असेल तर खुरपणीला बायका येतात, आणि तिच्या चहाचा कप कोठे ठेवलेला असतो, तिने पाणी कोणत्या माठातले प्यायचे असते, हे प्रश्न आता आपल्याला विचारले जातील. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात कामवालीसाठी निराळा कप असेल, तर त्याने रूथचा दुसरा अध्याय गुडघ्यांवर येऊन वाचावा असे मला मनापासून वाटते.

त्या दिवशी रूथने झोडून काढलेली सातू सुमारे एफाभर भरली. आजच्या मापाने एफा म्हणजे साधारण २२ लिटर धरतात. सरव्याच्या मानाने हे पीक फार मोठे होते, आणि त्याचे कारण नामीला ठाऊक नसले तरी वाचकाला ठाऊक आहे: बवाजाने गड्यांना सांगितले होते की पेंढ्यांमधून काही मुद्दाम गळू द्या आणि तिला धमकावू नका. रूथला वाटले असेल की आज आपला हात चांगला चालला, आणि तसे वाटू देण्यातच बवाजाचा मोठेपणा आहे.

याच भेटीत तो तिला म्हणतो की इस्राएलाचा देव परमेश्वर, ज्याच्या पंखांचा आश्रय घ्यायला तू आली आहेस, तो तुला पुरते प्रतिफळ देवो. सुंदर आशीर्वाद आहे, आणि एवढे बोलून तो घरी गेला असता तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती. परंतु तिसऱ्या अध्यायात, खळ्यावर मध्यरात्री, तीच बाई त्याच्या पायांशी येते आणि आपले वस्त्र माझ्यावर पसरा, म्हणजे मला पत्नी करून घ्या, कारण तुम्ही जवळचे आप्त आहात, असे म्हणते. परमेश्वराकडे तिच्यासाठी जो आश्रय त्याने मागितला होता, तो आता ती त्याच्याकडे मागत आहे. हा अध्याय व्यासपीठावरून बहुधा घाईने उरकला जातो, कारण रात्रीची वेळ आणि एकटी बाई यांविषयी बोलणे अवघड वाटते. पण तो टाळला की पुस्तकाचा कणाच निघून जातो. बवाज तिच्याविषयी काही वाईट बोलत नाही, तिचे नाव जपतो, पहाट होण्याआधी तिला ६ मापे सातू देऊन पाठवतो आणि दिवस उजाडताच वेशीत जाऊन बसतो. दहा वडील माणसांसमोर, रीतीप्रमाणे जोडा काढून देण्याची साक्ष होऊन, तो नामीच्या नवऱ्याचे, अलीमलेखाचे, वतन सोडवतो आणि रूथला पत्नी करून घेतो. नामीच म्हणाली होती की हा मनुष्य आज हे काम पुरे केल्यावाचून स्वस्थ बसणार नाही.

आप्ताची जमीन सोडवण्याचा त्याच्याआधी ज्याचा हक्क होता, त्या दुसऱ्या आप्ताने जमीन घेण्याची तयारी दाखवली होती. मात्र जमिनीबरोबर रूथही येते हे कळल्यावर, आपल्याच वतनाची हानी होईल म्हणून त्याने माघार घेतली. त्याने काही गुन्हा केला नाही. पवित्र शास्त्र त्याला शिव्याशाप देत नाही, फक्त त्याचे नाव लिहून ठेवत नाही.

प्रभू येशूने शिष्यांना हीच वाट दाखवली. मत्तयाच्या शुभवर्तमानात ९व्या अध्यायाच्या शेवटी तो त्यांना सांगतो की पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याजवळ कामकऱ्यांसाठी मागणे करा. आणि १०वा अध्याय उघडताच ज्यांना प्रार्थना करायला सांगितले त्याच बारा जणांना तो पाठवतो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर अधिक कठोर आहे: उघड्या-उपाशी भावाला “सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो” असे म्हणून शरीराला लागणारे काहीच दिले नाही तर काय उपयोग, असे तो विचारतो. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अशा शेकडो जणींना घर मिळाले.

एवढे मोठे काम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आमच्या महिला सभेत एका भगिनीने मुलीच्या शिक्षणासाठी प्रार्थनेची विनंती केली होती. सर्वांनी प्रार्थना केली, आमेन म्हटले, आणि चपला घालताना दुसऱ्या एका भगिनीने तिला विचारले की शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर अडला होता. ही दुसरी भगिनी सरकारी कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेली. कोणता कागद कोठे जोडायचा हे तिला ठाऊक होते, आणि ती तिच्याबरोबर तहसील कार्यालयात गेली. पैसे कोणी दिले नाहीत, सभेत त्याचा उल्लेखही झाला नाही. बवाजाने बजावल्याप्रमाणे गड्यांनी पेंढीतून कणसे गळू दिली, त्याच जातीचे हे काम आहे असे मी मानते.

यावरून कोणी असे समजू नये की प्रार्थना म्हणजे केवळ कामाची आठवण. नामीचे मुलगे परत आले नाहीत. कोणी कितीही सातू दिली असती तरी ते येणार नव्हते. रूथला मवाबात मूल झाले नव्हते आणि ते देणे बवाजाच्या हातात नव्हते, म्हणूनच लेखक तेथे परमेश्वराचे नाव घेतो. असाध्य आजारात, बेपत्ता झालेल्या मुलासाठी, मरणाच्या दारात आपण जी प्रार्थना करतो तिच्यापुढे आपले हात रिकामेच असतात आणि ते तसेच उघडे धरणे हाही विश्वास आहे. प्रश्न फक्त त्या विनंत्यांचा आहे ज्यांचे उत्तर आपल्या कोठीत, आपल्या ओळखीत किंवा आपल्या मोकळ्या दुपारी पडून आहे आणि तरी आपण त्या वर पाठवून निश्चिंत होतो.

या वाचनात मला सर्वांत जास्त विचार करायला लावतात त्या बेथलेहेमाच्या बायका. नामी परत आली तेव्हा सारा गाव गलबलला, आणि “ही नामी का?” असे त्या विचारू लागल्या. मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, कारण मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी आणले, असे तिने त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी तिला गप्प केले नाही, उपदेशही केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदले पाहिजे. पण त्या संध्याकाळी कोणी तिच्या घरी भाकरी पाठवली असे पुस्तकात कोठेच नाही, आणि दुसऱ्या अध्यायात मवाबी सून उपाशीपोटी सरवा वेचायला निघते. त्याच बायका शेवटी रूथचा मुलगा ओबेद याच्या जन्मानंतर नामीला म्हणतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे, आणि बाळाचे नाव त्याच ठेवतात. पहिल्या आणि चौथ्या अध्यायाच्या मध्ये त्या कोठे होत्या, हा प्रश्न मी आमच्या सभेत विचारणार आहे, आणि पुढच्या वेळी विनंत्या लिहून घेतल्यावर प्रत्येकीपुढे तिच्याबरोबर कोण जाणार याचीही नोंद करावी असे सुचवणार आहे.