चेक नेरूळला टाकला, केस पनवेलची निघाली

खारघरला राहणारा माणूस स्वतःला नवी मुंबईकरच म्हणवतो. सिडकोची सेक्टरं, पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयाचं. पण जिल्हा रायगड आणि कोर्ट पनवेलचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. केस टाकताना डोक्यात आलं नाही, एवढंच.

माझं छोटं केटरिंग आहे. एका ठेकेदाराचा १ लाख ८० हजारांचा चेक २०२३ साली वटला नाही. ऑर्डर पोचवायला नेरूळला गेले होते, म्हणून तो तिथल्याच शाखेत टाकला होता. नोटीस, १५ दिवसांची वाट, सगळं मुदतीत. वकिलांनी विचारलं, "ताई, चेक कुठे भरलात?" मी म्हटलं, नेरूळ. झालं, ठाणे जिल्ह्यातल्या एका कोर्टात फिर्याद दाखल.

विचारायचं होतं ते "खातं कुठे आहे?" २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक तुमच्या बँकेच्या कुठल्याही शाखेत टाका, तो तुमच्या खात्याच्या शाखेतच दिला असं धरतात, आणि केस त्या शाखेच्या हद्दीत चालते. माझं खातं खारघरचं. (२०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात चेक देणाऱ्याच्या बँकेची शाखा धरली होती. तो निकाल दाखवून कुणी सल्ला देत असेल तर सावध राहा.)

तिसऱ्या तारखेला साहेबांनी पासबुकाची झेरॉक्स पाहिली आणि दोन मिनिटांत हुकूम झाला: योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी फिर्याद परत. मला वाटलं, कागद उचलायचे, रिक्षा पकडायची, पनवेल गाठायचं.

कागदच मिळेनात! फिर्यादीवर परत केल्याचा शेरा लागतो, तो नसेल तर इतके दिवस केस दुसरीकडे होती हे पनवेलला दाखवणार कशाने? पहिल्या फेरीत शेरा लिहिलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत शेरा होता, त्याखाली तारीख नव्हती. तिसऱ्या फेरीत ज्यांच्याकडे फाइल ते रजेवर. चौथ्या फेरीला सगळं हातात आलं, फक्त मूळ चेक नाही, त्याची झेरॉक्स! "बघतो, उद्या या." उद्याचे नऊ दिवस झाले. डबे बनवून, बारा वाजता कोर्टाच्या बाकावर, तीनला परत. शेवटी चेक दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत सापडला. हसावं की रडावं ते कळेना. (हुकूम झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकून ठेवा, हे मला पाचव्या फेरीत एका अनोळखी आजोबांनी सांगितलं.)

चिडून मी वकिलांना म्हटलं, कुणाच्या लक्षात आलंच नसतं तर? ते शांतपणे म्हणाले, मग कदाचित निकालही लागला असता आणि टिकलाही असता. दंड प्रक्रिया संहितेचं कलम ४६२, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ५०८: खटला चुकीच्या जिल्ह्यात चालला एवढ्याच कारणावरून निकाल किंवा शिक्षा रद्द होत नाही, त्या चुकीमुळे खरोखर अन्याय झाला असेल तरच. खुनाच्या खटल्यालाही हाच नियम. म्हणजे चूक शेवटी सापडली तर चालते, सुरुवातीला सापडली की माझ्यासारखी फरफट. मॅजिस्ट्रेटला तो गुन्हा चालवायचा अधिकारच नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे सगळंच रद्द होतं.

पनवेलला विशेष काही घडलं नाही. फिर्याद टाकायची एक महिन्याची मुदत उलटली होती, म्हणून विलंब माफीचा अर्ज दिला, शेऱ्याची प्रत जोडली, अर्ज मंजूर झाला. हो, आणि पासबुकाच्या पहिल्या पानावरच्या शाखेचं नाव वकिलांना स्वतःहून वाचून दाखवा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

समन्स निघालंय. ठेकेदार राहतो नेरूळला, त्यामुळे ते बजावायला परत ठाणे जिल्ह्यातच गेलंय.