तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटात कसला आलाय पावसाळा?

भारतात कुणाशीही फोनवर बोलताना "आमच्याकडे पावसाळा सुरू झाला" असं मी म्हणालो की पलीकडून हमखास तोच प्रश्न येतो, अरे तू अ‍ॅरिझोनात ना, फिनिक्सला ना, मग वाळवंटात कसला आलाय पावसाळा? आणि इथे नवीन आलेली मराठी मंडळी जूनमध्ये सगळीकडे मान्सून अवेअरनेस वीकच्या सूचना बघतात आणि त्याच्या पुढचा प्रश्न विचारतात, की चार महिन्यांत जेमतेम अडीच इंच पाऊस, त्याच्यासाठी एवढी जनजागृती कशाला, आम्ही तर 26 जुलै 2005 बघितलाय.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून एकदा नीट लिहितोय.

तर पहिलं, पावसाळा आहे, खरा आहे. नुसता उन्हाळी पाऊस नाही, मान्सूनच, म्हणजे वारा दिशा बदलतो. मे-जूनमध्ये इथे पश्चिमेकडून कोरडा वारा असतो, जमीन तापत जाते, मग वरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि त्याच्या कडेने दक्षिणेकडची ओल इकडे यायला लागते, खालच्या थरात कॅलिफोर्नियाच्या आखातातून आणि वरच्या थरात मेक्सिकोच्या आखाताकडून. याचा मोठा वाटा खरंतर वायव्य मेक्सिकोला मिळतो, सिएरा माद्रेच्या डोंगरांवर, आपल्याला म्हणजे अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोला त्याची वरची किनार मिळते, आणि किनार असल्यामुळेच तो इतका बेभरवशाचा आहे. 2008 पर्यंत इथली पद्धत अशी होती की फिनिक्सला सलग तीन दिवस दवबिंदू, म्हणजे हवेत ओल किती आहे ते सांगणारं तापमान, 55 फॅरनहाइट (साधारण 13 सेल्सिअस) किंवा वर गेला की मान्सून आला म्हणायचं. मग वेधशाळेने ठरवलं की लोकांनी तारखेवर वाद घालण्यापेक्षा तयारी करावी, आणि सरळ 15 जून ते 30 सप्टेंबर असा सीझनच जाहीर करून टाकला. मला हा निर्णय फार पटतो. आपल्याकडे मृग लागला की पाऊस येवो न येवो शेतकरी बियाणं बघून ठेवतोच ना, तसंच.

माझं लहानपण अकोल्यातलं. त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या छपरावरचे कूलर बघून मला लगेच कळलं की हवेत ओल आली की काय होणार. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, जूनच्या शेवटी कूलर लावला की गारवा येत नाही, नुसतं चिकचिक होतं. इथेही तेच. कोरड्या 43 डिग्रीत निभावतं पण दवबिंदू वर चढला की कूलरच्या भरवशावर असलेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल सुरू होतात, आणि हे पाऊस पडायच्या आधीच.

आता दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी खरं हे लिहायला बसलो. फिनिक्सचा पावसाळ्याचा सरासरी पाऊस 2.43 इंच, म्हणजे साधारण 62 मिलिमीटर. अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉन शहराला 5.69 इंच. मुंबईत सांताक्रूझला त्या 26 जुलैला 944 मिलिमीटर पडला होता, तेव्हा आकडे शेजारी ठेवले की आपल्या माणसाला वाटणारच की यात घाबरण्यासारखं काय आहे. पण आपली पावसाची सगळी समज ही डोक्यावर पडणाऱ्या पावसाची आहे. आभाळ भरून येतं, धो धो कोसळतो, पाणी चढताना दिसतं, आपण सावध होतो. वाळवंटात जो पाऊस माणूस मारतो तो बऱ्याचदा त्या माणसाच्या डोक्यावर पडलेलाच नसतो. तो पंधरा-वीस किलोमीटर वर डोंगरात पडलेला असतो, खाली लख्ख ऊन असतं, आणि कोरड्या ओढ्यातून, ज्याला इथे वॉश म्हणतात, चिखल-दगड-झाडं घेऊन लोंढा येतो. जमीन इतकी टणक की पाणी मुरतच नाही, खाली चुन्याचा कडक थर, वर झाडोरा विरळ, आणि जिथे जंगल जळालंय तिथे तर आणखी वाईट.

12 ऑगस्ट 1997 ला अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक गेले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथले फोटो काढलेत, ती गुलाबी-नारिंगी चिंचोळी घळ. तो पाऊस कितीतरी मैल लांब पडला होता. तिथे आज खाली उतरायला ज्या पक्क्या लोखंडी शिड्या आहेत त्या त्यानंतरच्या आहेत. आणि 15 जुलै 2017 ला अ‍ॅरिझोनातल्याच पेसन गावाजवळ एका डोहावर पोहायला गेलेल्या एकाच कुटुंबातले 10 जण वाहून गेले, लहान मुलं होती त्यात. वरच्या बाजूला नुकत्याच जळालेल्या जंगलावर पाऊस झाला होता. मला हे लिहितानाही त्रास होतो, पण आकडे सांगून कुणी ऐकत नाही म्हणून हे सांगतो.

शहरातही तेच. इथे बरेच रस्ते वॉशवरून पूल न बांधता सरळ त्याच्यातूनच नेलेत, वर्षातले बहुतेक दिवस तो नुसता एक खोलगट उतार असतो, बाजूला पूर असताना जाऊ नका अशी पाटी असते आणि ती इतकी रोजची असते की दिसेनाशी होते. एक फूट वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या नेतं. एसयूव्ही आहे म्हणून काही होत नाही हा समज काढून टाका प्लीज. अ‍ॅरिझोनात 1995 पासून कायदाच आहे, बॅरिकेड ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि सोडवायला लोक बोलवावे लागले तर त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो, लोक त्याला स्टुपिड मोटरिस्ट लॉ म्हणतात. मला मात्र दंडापेक्षा त्या सोडवायला जाणाऱ्या माणसांचा विचार जास्त येतो, त्यांनाही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

मग धूळ. ही आपल्या मंडळींना खरंच नवीन असते. दुपारी लांब डोंगरांवर ढग चढतात, संध्याकाळी ते कोसळतात आणि त्यांचा थंड वारा जमिनीवर आपटून पुढे सुटतो, वाटेतली शेतं आणि मोकळ्या जमिनी उचलत. 5 जुलै 2011 ला जी धुळीची भिंत फिनिक्सवर आली ती हजारो फूट उंच होती. आपली वावटळ अंगणात फिरून जाते, हिच्यात आख्खं शहर जातं. हायवेवर असाल तर दोन सेकंदात बॉनेटपण दिसत नाही. आणि इथे आपली सवय आपला घात करते, कारण घाटात धुकं आलं की आपण काय करतो, पार्किंग लाइट लावतो आणि हळूहळू पुढे सरकत राहतो किंवा कडेला थांबून लाइट चालू ठेवतो. इथे बरोबर उलटं करायचं. रस्ता सोडून जितकं बाहेर जाता येईल तितकं जायचं, सगळे लाइट बंद, हझार्डसुद्धा बंद, हँडब्रेक लावायचा आणि पायाचा ब्रेक सोडून द्यायचा, म्हणजे मागचा लाल दिवा पेटणार नाही, बेल्ट बांधून आत बसून राहायचं. कारण मागून येणाऱ्याला काही दिसत नसतं, तो तुमचे लाल दिवे बघून समजतो की रस्ता तिकडेच आहे आणि येऊन आदळतो. पुल असाइड, स्टे अलाइव्ह असं त्या मोहिमेचं नाव आहे. फिनिक्स-टूसॉन हायवेवर पिकाचो भागात तर आता धूळ ओळखणारे सेन्सर बसवलेत, धूळ दिसली की बोर्डावरची वेगमर्यादा आपोआप ताशी 75 मैलांवरून 35 पर्यंत उतरते. ती उतरली की तुम्हीही उतरवा, धूळ दिसत नसली तरी.

एक गोष्ट मात्र मला या जनजागृतीत कमी वाटते. सगळा भर पाऊस आला तर काय यावर असतो, नाही आला तर काय यावर फार कमी. 2023 मध्ये फिनिक्सला अख्ख्या सीझनमध्ये 0.15 इंच पाऊस झाला, म्हणजे 4 मिलिमीटर, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कोरडा मान्सून. त्याच उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटच्या (साधारण 43 सेल्सिअस) वर किंवा तिथेच, आणि फिनिक्स ज्यात येतं त्या एकट्या मॅरिकोपा काउंटीत (जिल्ह्यात) वर्षभरात उष्णतेने 645 मृत्यू. इथली धरणं मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फावर भरतात, आपल्यासारखं जुलै-ऑगस्टवर नळाचं पाणी अवलंबून नाही, म्हणून पाऊस नाही आला तरी ओरड होत नाही. पण संध्याकाळचं ते वादळ, तो ढग, तोच इथला उतारा आहे उकाड्यावर, आणि तो नसला की सगळ्यात आधी मरतो तो ज्याच्याकडे एसी नाही किंवा घरच नाही. याचंही एक पोस्टर असावं असं मला मनापासून वाटतं.

घाबरवायला लिहीत नाहीये. हा पाऊस या भूमीचा जीव आहे. इथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओदाम लोक, यांचं वर्षच सग्वारो कॅक्टसची फळं काढायच्या वेळी सुरू होतं, पावसाच्या तोंडावर, आणि त्या फळांची वाइन करून पावसाला बोलावतात. बेडूक महिनोन् महिने जमिनीखाली असतात, पहिल्या गडगडाटाला वर येतात आणि आठ-दहा दिवसांत डबक्यात त्यांची पिल्लं तयार पण होतात, कारण डबकं तेवढंच टिकतं. आणि क्रिओसोटच्या झुडपांवर पाणी पडलं की जो वास सुटतो तो आपल्या मातीच्या वासासारखा नाही, जरा औषधी आहे, पण दोन-तीन पावसाळ्यांत तुम्ही त्याची वाट बघायला लागता.

म्हणून कुणी विचारलं की मग आई-बाबांना कधी बोलावू, तर मी म्हणतो खुशाल जुलै-ऑगस्टमध्ये बोलवा, टूसॉनला घेऊन जा, डोंगरावर ढग चढताना संध्याकाळी लांबून बघा, त्यांना आवडेल. फक्त फोनवरच्या इमर्जन्सी अलर्ट बंद करू नका, आपले बरेच जण झोपमोड होते म्हणून बंद करतात. आणि घळीत किंवा ओढ्यावर जाणार असाल तर तिथला फोरकास्ट बघून भागत नाही, ते पाणी जिथून येतं तिथला बघा. कुठून येतं माहीत नसेल तर तिथल्या रेंजरला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ऊन कितीही पडलेलं असू दे, त्या दिवशी परत फिरा.